खून कुणाचा होतो, कुठे होतो आणि कोण करतो?

जोशी-अभ्यंकर हत्याकांडाच्या काळात पुण्यात राहिलेली माणसं अजून त्या संध्याकाळांबद्दल बोलतात. दिवेलागणीला दारं लागायची आणि बेल वाजली तर आधी खिडकीतून कोण आहे ते बघायचं. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा खून झाले. ते करणारे चार तरुण एका कला महाविद्यालयाचे विद्यार्थी होते आणि नोव्हेंबर १९८३मध्ये येरवड्याला त्यांना फाशी झाली. खून म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे काय उभं राहतं, हे बऱ्याच अंशी या प्रकरणाने ठरवलं. रात्रीची वेळ, सुखवस्तू शांत घर, आणि दारात अनोळखी माणूस.

खरं तर ते चित्र त्या प्रकरणालाही पूर्ण लागू पडत नव्हतं. पहिला बळी मारेकऱ्यांच्याच कॉलेजात शिकणारा मुलगा होता आणि शेवटचा त्यांच्या ओळखीच्या मित्राचा भाऊ. दोघांनाही समोरच्यावर संशय घ्यावा असं काही वाटलं नव्हतं.

एखाद्या प्रदेशात वर्षभरात झालेले सगळे खून शेजारी शेजारी मांडले, तर त्यातून काही ठरावीक आकृत्या दिसू लागतात. मरणारा कोण, मारणारा कोण, जागा कोणती, हत्यार कोणतं, वेळ कोणती, निमित्त कोणतं, यांत योगायोग फार थोडा असतो. आणि या आकृत्या आपल्या भीतीशी जुळत नाहीत. आपण अंधाऱ्या रस्त्याला भितो. खून मात्र बहुतेक वेळा ओळखीच्या जागी, ओळखीच्या माणसाकडून होतो. हे नीट समजून घेतलं तर काही खून टाळता येतात असं मला ठामपणे वाटतं, म्हणून हा लेख.

आधी मोजणी

देशातल्या गुन्ह्यांचे आकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग म्हणजे एनसीआरबी दरवर्षी प्रसिद्ध करते. संस्था १९८६ची, पण वार्षिक अहवालाची परंपरा १९५३पासूनची आहे. २०२२ साली देशात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले, म्हणजे तासाला तीनपेक्षा जास्त. २०२३मध्ये हा आकडा २७,७२१वर आला.

बातम्यांमध्ये लगेच राज्यांची उतरंड लागते. २०२२मध्ये उत्तर प्रदेश ३,४९१ खुनांसह पहिला, बिहार २,९३० खुनांसह दुसरा आणि महाराष्ट्र २,२९५ खुनांसह तिसरा. हे वाचून महाराष्ट्र देशातलं तिसरं धोकादायक राज्य आहे असं वाटलं, तर तो समज चुकीचा आहे. जिथे माणसं जास्त तिथे खूनही जास्त होणार. म्हणून दर लाख लोकसंख्येमागे किती खून झाले हे पाहायचं असतं. देशाचा दर त्या वर्षी २.१ होता. उत्तर प्रदेशचा सुमारे १.५, महाराष्ट्राचा सुमारे १.८, म्हणजे दोन्ही देशाच्या सरासरीच्या खाली. झारखंडचा दर मात्र ४च्या घरात आणि केरळचा १च्याही खाली.

शहरांच्या तुलनेत आणखी एक खाच आहे. एनसीआरबी महानगरांचे दर काढताना अजूनही २०११च्या जनगणनेची लोकसंख्या धरते, कारण त्यानंतरची जनगणनाच हाती नाही. त्या जनगणनेत मुंबई महानगर १ कोटी ८४ लाखांचं होतं, पुणे ५० लाखांचं आणि नागपूर २५ लाखांचं. तेव्हापासून पुणं किती पसरलं ते हिंजवडी-वाघोलीकडे पाहिलं तरी कळतं. भागाकारात खालचा आकडा जुना राहिला की दर फुगतो, आणि जे शहर जास्त वाढलं त्याचा जास्त फुगतो. त्यामुळे ‘अमुक शहर खुनांत आघाडीवर’ अशी बातमी आली की आधी लोकसंख्या कुठल्या सालची धरली आहे ते पाहावं.

काळाच्या ओघातलं चित्रही बातम्यांपेक्षा वेगळं आहे. भारतात खुनाचा दर सर्वांत जास्त होता तो १९९२ साली, लाखामागे ४.६. आज तो निम्म्याहून कमी आहे. जगाचा सरासरी दर २०२१मध्ये ५.८ होता, आणि अमेरिका खंडांचा १५च्या आसपास. म्हणजे भारतात खून तुलनेने कमी होतात आणि गेल्या तीस वर्षांत ते घटले आहेत. मात्र ही घट कुणाच्या वाट्याला आली आणि कुणाच्या नाही, हा खरा प्रश्न, आणि तिथे सरासरी काही सांगत नाही.

पुरुष कसे मारले जातात

जगभरात खून झालेल्या दर शंभर माणसांत ८१ पुरुष असतात. भारतात साधारण ७०. वय बहुतेक वेळा १८ ते ४५. मारणारेही बहुतांशी पुरुषच, साधारण त्याच वयाचे, त्याच वस्तीतले, त्याच आर्थिक थरातले. शवागारात पडलेला तरुण आणि कोठडीत बसलेला तरुण यांच्यात फरक पुष्कळदा एवढाच असतो की एकाचा वार आधी बसला.

ही गोष्ट पहिल्यांदा नीट मांडली ती मार्विन वुल्फगँग या अमेरिकन अभ्यासकाने. त्याने फिलाडेल्फिया शहरातल्या १९४८ ते १९५२ या पाच वर्षांतल्या ५८८ खुनांच्या पोलीस फायली तपासल्या आणि १९५८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे दोन तृतीयांश घटनांत मारणारा, मरणारा किंवा दोघेही दारू प्यालेले होते. आणि चारपैकी एका घटनेत पहिला हात मरणाऱ्यानेच उचलला होता. या शेवटच्या निष्कर्षाचा पुढे फार गैरवापर झाला, विशेषतः बायकांच्या बाबतीत. ‘तिनेच डिवचलं असेल’ असं म्हणायला लोकांना शास्त्राचा आधार मिळाल्यासारखं झालं. वुल्फगँगची व्याख्या मात्र काटेकोर होती: आधी शारीरिक बळ किंवा हत्यार वापरलेलं असलं पाहिजे. टोचून बोलणं त्यात बसत नाही, सोडून जाणं तर नाहीच.

कारणांचं काय? २०२२च्या आकड्यांत ९,९६२ खून ‘वादातून’ झालेले आहेत, म्हणजे तिनातला एक त्यातच गेला. त्याखालोखाल ३,७६१ वैमनस्यातून. पैशाच्या किंवा ऐवजाच्या लोभातून १,८८४, म्हणजे शंभरात सात सुद्धा नाहीत. दरोडेखोर आणि चोराची आपल्याला जी धास्ती असते, तिचा खऱ्या खुनांतला वाटा एवढाच.

वादातून म्हणजे कशातून? गाडीचा धक्का लागला, उसने दोन हजार परत दिले नाहीत, वरातीत नाचताना ढकललं, टपरीवर ‘काय बघतोस’ म्हटलं. वर्तमानपत्रात ‘किरकोळ कारणावरून खून’ असा मथळा येतो आणि वाचणारा चुकचुकतो की एवढ्याशा गोष्टीसाठी जीव घेतला. पण भांडणाऱ्यांच्या लेखी मुद्दा दोन हजारांचा उरलेला नसतो. डेव्हिड लकनबिल या संशोधकाने १९७७ साली कॅलिफोर्नियातल्या ७० खुनांचा क्षणाक्षणाचा क्रम मांडून दाखवला. एकाच्या बोलण्यातून दुसऱ्याला अपमान वाटतो, तो प्रत्युत्तर देतो, मग माघार घेणं म्हणजे चारचौघांत नाक कापून घेणं ठरतं. चौघांदेखत हे महत्त्वाचं. भोवतीची माणसं काय करतात यावर पुष्कळ ठरतं: ती मध्ये पडतात, गप्प राहतात, की चिथावतात. आपल्याकडच्या चौकातल्या भांडणाला हे वर्णन जसंच्या तसं लागू पडतं. अशा भांडणात ज्याने मध्ये पडून दोघांना वेगवेगळ्या दिशेला नेलं, त्याने त्या रात्री एक माणूस वाचवला असू शकतो, आणि ते त्याला कधीच कळणार नाही.

गावाकडे वादाला आणखी एक निमित्त आहे, ते म्हणजे जमीन. महाराष्ट्रात १९७०-७१ साली एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती; २०१५-१६ला ती १.३४ हेक्टर उरली. वाटण्या होत गेल्या तसतसे बांध वाढले आणि पट्ट्या अरुंद झाल्या. बांध कोरला, वाट अडवली, सामाईक विहिरीवरच्या मोटारीची पाळी चुकली, सातबाऱ्यावर एकाचं नाव आणि कसतोय दुसरा. यातले दोन्ही पक्ष बहुतेक वेळा चुलतभाऊ असतात, आणि रोज एकमेकांच्या समोरून जातात. दावा कोर्टात वर्षानुवर्षं चालतो आणि कुऱ्हाड गोठ्यातच टांगलेली असते. भाऊबंदकीतले खून अचानक झाले असं छापून येतं, पण गावाला विचारलं तर प्रत्येकजण सांगतो की हे कधी ना कधी होणारच होतं.

हे सरकारलाही ठाऊक आहे. १५ ऑगस्ट २००७ला सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेमागे हाच विचार होता की तंटा लहान असतानाच गावात मिटवावा. जानेवारी २०२३मध्ये आलेली सलोखा योजना याहून नेमकी आहे. दोन शेतकऱ्यांची जमीन कागदावर एकाची आणि ताबा दुसऱ्याचा अशी उलटसुलट बारा वर्षं असेल, तर अदलाबदलीचा दस्त एक हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि एक हजार रुपये नोंदणी फी भरून करता येतो. महसूल खात्याची योजना म्हणून ती मांडली गेली. माझ्या मते ती खून टाळणारी योजनाही आहे, आणि तिची जाहिरात तशीच व्हायला हवी.

बायका कशा मारल्या जातात

इथे सगळी आकृतीच बदलते. वर सांगितलेलं दारू, चौक, बघे, समोरासमोरचे दोन तरुण, यातलं जवळजवळ काहीही बाईच्या खुनाला लागू होत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात ८५,००० बायका आणि मुली जाणूनबुजून मारल्या गेल्या. त्यांतल्या ५१,१००, म्हणजे शंभरात साठ, नवरा, जोडीदार किंवा घरच्यांकडून. दिवसाला १४०. पुरुषांमध्ये घरच्यांकडून मारलं जाण्याचं प्रमाण शंभरात अकरा-बाराच्या आसपास आहे. पुरुषाला सर्वांत जास्त धोका घराबाहेर, बाईला घरात.

भारतात २०२२मध्ये खून झालेल्या बायका होत्या ८,१२५, म्हणजे एकूण बळींच्या साधारण २८ टक्के. जगात हे प्रमाण १९ टक्के आहे. पण हा २८चा आकडासुद्धा अपुरा आहे. हुंडाबळी खुनाच्या रकान्यात धरले जात नाहीत, त्यांचा रकाना वेगळा. १९८६ साली भारतीय दंड विधानात कलम ३०४-ब आलं (आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८०). लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाईचा मृत्यू जळून, इजा होऊन किंवा संशयास्पद रीतीने झाला आणि मरणाआधी हुंड्यासाठी छळ झालेला असला, तर कायदा सासरच्यांना जबाबदार धरतो. २०२२मध्ये अशा ६,५१६ बायका मेल्या.

आता बेरीज करून पाहा. खून झालेल्या बायका आणि हुंडाबळी मिळून चौदा हजार सहाशेच्या वर जातात आणि एकूण बळींत बायकांचा वाटा चाळीस टक्क्यांवर पोचतो. हुंडाबळींतल्या काही बायकांनी स्वतःचा जीव घेतलेला असतो, त्यामुळे ही बेरीज तंतोतंत नाही. तरी दिशा स्पष्ट आहे. भारतातला कमी खुनांचा सुखद आकडा पुरुषांच्या बाजूने जेवढा खरा आहे, तेवढा बायकांच्या बाजूने नाही.

आणि मग असे मृत्यू आहेत, जे कुठल्याच रकान्यात येत नाहीत. कुणी विहिरीत सापडलं, पंख्याला लटकलेलं सापडलं, स्टोव्हचा भडका उडून गेलं, की पोलीस ठाण्यात पहिली नोंद होते ती ‘अकस्मात मृत्यू’ अशी. मग मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन, आणि काही संशयास्पद दिसलं तरच खुनाचा गुन्हा. लग्नाला सात वर्षं झालेली नसतील तर पंचनामा कार्यकारी दंडाधिकाऱ्याने, म्हणजे बहुधा तहसीलदार किंवा नायब तहसीलदाराने करायचा असतो. ही खबरदारी चांगली आहे, पण आठव्या वर्षी मेलेल्या बाईला ती मिळत नाही.

शवविच्छेदनाचं टेबल हा या साऱ्यातला निर्णायक टप्पा. गळफासाचा वण साधारण तिरका असतो, गळ्याच्या वरच्या भागात, आणि पुष्कळदा गाठीपाशी तुटलेला. दोरीने गळा आवळलेला असेल तर वण आडवा, खालच्या बाजूला आणि सलग असतो. हाताने दाबलेल्या गळ्यात नखांचे ओरखडे आणि आतल्या नाजूक हाडाचा भंग दिसू शकतो. जळालेल्या देहाच्या श्वासनलिकेत काजळी सापडली, तर आग लागली तेव्हा श्वास चालू होता. श्वासनलिका स्वच्छ असेल तर मरणानंतर पेटवल्याचा संशय बळावतो. तळहातावर आणि पंजाच्या वरच्या भागावर कापल्याच्या खुणा असतील तर माणसाने वार अडवायचा प्रयत्न केला होता. हे वाचायला शिकलेला डॉक्टर आणि पुरेसा वेळ असेल तर ‘अकस्मात मृत्यू’चा खून होतो. मोठ्या शहरांतल्या वैद्यकीय महाविद्यालयांत न्यायवैद्यक तज्ज्ञ असतात. तालुक्याच्या ठिकाणी तेच काम ओपीडी सांभाळणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या अंगावर येतं. म्हणजे खून खून म्हणून मोजला जाईल की नाही, हे मृतदेह कुठल्या दवाखान्यात पोचला यावरही अवलंबून राहतं.

किती मृत्यू असे सुटत असतील? २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तीन संशोधकांनी जळून झालेल्या मृत्यूंचा अंदाज मांडला. २००१ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ६३ हजार माणसं जळून मेली, त्यांत १ लाख ६ हजार बायका, आणि बहुतेक १५ ते ३४ वयाच्या. पोलिसांच्या नोंदीपेक्षा हा आकडा सहापट होता. हे सगळे खून नव्हते. त्यात अपघात होते, आत्महत्याही होत्या. पण स्वयंपाकघरातला स्टोव्ह ऐन तारुण्यातल्या बायकांनाच इतक्या मोठ्या प्रमाणावर का गाठतो, या प्रश्नाचं उत्तर अपघाताने देता येत नाही.

घरातल्या खुनाआधी सूचना मिळालेली असते, हा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष आहे. २००८ साली नॅन्सी ग्लास आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेल्या अभ्यासात दिसलं की ज्या बाईचा जोडीदाराने आधी कधी गळा दाबलेला आहे, तिचा त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता सातपटींनी जास्त असते. गळा दाबल्याची खूण पुष्कळदा बाहेरून दिसतसुद्धा नाही. बाई पोलीस ठाण्यात येते, सांगते, अदखलपात्र नोंद म्हणजे एनसी होते, तिची प्रत हातात पडते आणि ती त्याच घरी परत जाते. दुसरी सूचना म्हणजे तिने घर सोडल्यानंतरचे दिवस. वेगळं होण्याचा काळ हाच सर्वांत धोक्याचा, असं अभ्यास पुन्हा पुन्हा दाखवतात. ‘समजूत काढून नांदायला पाठवा’ म्हणणाऱ्या प्रत्येक मामा-काकांनी हे एकदा वाचावं.

जात, गाव आणि संशय

काही खुनांत मरणारा त्याच्या कृत्यासाठी नाही, तर तो कोण आहे यासाठी मारला जातो. २९ सप्टेंबर २००६ला भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांना जमावाने मारलं. १ जानेवारी २०१३ला अहमदनगर जिल्ह्यातल्या सोनईत तीन दलित तरुणांचा खून झाला, मागे प्रेमप्रकरणाचा राग होता. अशा घटनेत भांडण समान बळाच्या दोघांत नसतं. मारणारे अनेक असतात, ठरवून येतात, आणि गाव गप्प बसतं. वुल्फगँगची किंवा लकनबिलची आकृती इथे लावायला गेलं तर ती फसवते. आंतरजातीय लग्नातून घरच्यांनीच मुलीला मारलं, तर ते बाईच्या खुनाच्या आणि जातीच्या खुनाच्या दोन्ही आकृत्यांत बसतं, आणि अधिकृत आकड्यात ‘प्रतिष्ठेसाठी’ या नोंदीखाली वर्षाला देशभरात मोजकेच खून दिसतात. पोलिसांच्या अर्जात प्रेमप्रकरण, कौटुंबिक वाद असे दुसरे रकाने उपलब्ध असल्याचा तो परिणाम आहे.

जादूटोण्याच्या संशयावरून झालेले खून २०२२मध्ये ८५ नोंदले गेले. एकूण संख्येत हे थेंबभर वाटतात, पण प्रदेशाप्रमाणे पाहिलं तर ते झारखंड, छत्तीसगड, ओडिशा, मध्य प्रदेश अशा पट्ट्यात गोळा झालेले दिसतात. मानववंशशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विन यांनी १९४०च्या दशकात बस्तरमधल्या माडिया समाजातल्या शंभर खुनांचा अभ्यास केला, तेव्हाही त्यांना दारूच्या नशेतली भांडणं आणि संसारातला संशय यांच्याबरोबर चेटकाचा संशय कारण म्हणून सापडला होता. आपल्या नंदुरबारमध्ये बाईला डाकीण ठरवण्याची प्रथा आहे, आणि डाकीण ठरते ती पुष्कळदा विधवा, एकटी, थोडीफार जमीन नावावर असलेली बाई. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या २० ऑगस्ट २०१३च्या खुनानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. आता तक्रार खून होण्याआधी करता येते, आणि हा फार मोठा फरक आहे.

हत्यार आणि दवाखान्याचं अंतर

जगात जिथे हत्याराची माहिती आहे, तिथल्या जवळपास निम्म्या खुनांत बंदूक असते. महाराष्ट्रात कोयता, चाकू, कुऱ्हाड, लाकडी दांडकं, दगड. शवविच्छेदनावर आधारलेल्या आपल्याकडच्या अभ्यासांत तीक्ष्ण आणि बोथट हत्यारंच पुढे असतात, आणि डोक्यावरचा घाव वारंवार भेटतो. बहुतेक वेळा हत्यार आधीपासून आणलेलं नसतं, हाताशी सापडलेलं असतं. कोयत्याच्या वारातून माणूस वाचू शकतो, छातीत गोळी लागल्यावर ते फार अवघड. भारतातला कमी दर समजून घेताना ही गोष्ट विसरता येत नाही.

कारण मारामारी आणि खून यांत हेतूचा फरक असतोच असं नाही. तासाभरात रक्त मिळालं की तोच गुन्हा ‘खुनाचा प्रयत्न’ ठरतो. २०१०च्या सुमारापर्यंत देशात खुनाच्या प्रयत्नांपेक्षा खुनांचे गुन्हे जास्त असायचे. आज प्रयत्नांचे गुन्हे पन्नास हजारांच्या वर आहेत आणि खून अठ्ठावीस हजारांच्या खाली. नोंदणी सुधारली हे एक कारण असेल. पण जखमी दवाखान्यात वेळेत पोचू लागले हेही आहेच. महाराष्ट्रात १०८ची रुग्णवाहिका २०१४मध्ये धावू लागली. अमेरिकेतल्या संशोधकांनी २००२ साली हिशोब मांडला होता की १९६०नंतर तिथली तातडीची वैद्यकीय सेवा सुधारली नसती, तर खुनांची संख्या काही पट जास्त दिसली असती. म्हणून खून घटले म्हणजे हिंसा तेवढीच घटली, असा अर्थ लगेच काढू नये.

एक रकाना कमी आहे

इतकं सगळं सांगताना मी जागोजागी अमेरिकेच्या, संयुक्त राष्ट्रांच्या अभ्यासांचा आधार घेतला. त्याला कारण आहे. एनसीआरबी खुनाच्या बळींचं वय आणि लिंग छापते, खुनाचं कारण छापते. बलात्काराच्या गुन्ह्यांत आरोपी पीडितेचा कोण होता, याचा स्वतंत्र तक्ता असतो: घरचा, शेजारी, ओळखीचा, अनोळखी. खुनाच्या गुन्ह्यांत तसा तक्ताच नाही. नवऱ्याने मारलेल्या बायका किती, भावाने मारलेले भाऊ किती, मुलांनी मारलेले म्हातारे आईबाप किती, हे भारतात कुणालाही एका पानावर वाचता येत नाही.

ही माहिती मिळवायला नवीन काही करावं लागत नाही. २०२२मध्ये खुनाच्या शंभर तपासांपैकी साधारण एक्क्याऐंशी प्रकरणांत आरोपपत्र दाखल झालं, आणि प्रत्येक आरोपपत्रात मारणारा मरणाऱ्याचा कोण लागत होता हे लिहिलेलं असतंच. आधी एनसी झाली होती का, चॅप्टर केस म्हणजे शांतता राखण्याची हमी घेणारी प्रतिबंधक कारवाई झाली होती का, तेही त्याच ठाण्याच्या नोंदवहीत असतं. पुण्याचा राज्य गुन्हे अन्वेषण विभाग महाराष्ट्रातल्या गुन्ह्यांचा स्वतंत्र वार्षिक अहवाल काढतो. त्यात दोन तक्ते वाढवायचे, नात्याचा आणि आधीच्या तक्रारीचा, जिल्हावार. त्यासाठी दिल्लीची वाट पाहायची गरज नाही. नंदुरबारला कशाची तयारी हवी, सांगलीला कशाची आणि ठाण्याला कशाची, हे मग अंदाजाने ठरवावं लागणार नाही.